वीरजीशेटची कोरी खोली

जव्हारच्या पेठेमागे वीरजीशेटने चाळ बांधली आणि जणू दुसरा राजवाडाच उठवल्याचा तोरा मिरवू लागला. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. काम मात्र पावसाच्या तोंडावर उरकलेलं, त्यामुळे भिंती आतून ओल्याकच्च. अशा भिंतींत पावसाळा काढायला कोण कारकून येतोय? म्हणून शेटने दरबारच्या कचेरीतला पट्टेवाला पुंजा गाठला.

"दिवाळीपर्यंत भाडं नको. तुझ्या घरवालीचे पाय लक्ष्मीचे. पुढेही खोली तुझीच."

शेटने नुसतं नावाने हाक मारली तरी पुंजा दिवसभर फुगून असायचा. त्याची बायको चंद्रकला काही भोळी नव्हती. पण मोखाड्याहून नवऱ्यामागे आल्यापासून ती थोरल्या जावेच्या ओटीवर संसार मांडून होती, आणि ओटी कुणाची हे जाऊ तिला रोज ऐकवायची. स्वतःची चूल आणि स्वतःचं दार मिळणार म्हटल्यावर तिने शेटची थापही गोड मानून घेतली.

तिने जमीन चोपली, सारवली. पावसाळाभर भिंतींना पाणी सुटायचं. शेट छत्री घेऊन यायचा, भिंतीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "जाळ ठेव बाई, जाळ ठेव." लाकूडफाटा तिनेच रानातून आणायचा. शेटचा जीव भिंतीत. आत माणूस जगतंय की गुदमरतंय, याची चौकशी त्याने कधी केली नाही. चंद्रकला डोळे पुसत चुलीत लाकूड सारायची आणि मनाला सांगायची, घर आपलं आहे.

दसरा झाला, भिंती खडखडीत वाळल्या आणि शेट हजर झाला.

"पुंजा, ठाण्याहून नवे कारकून येताहेत. खोली रिकामी कर. पलीकडे दुसरी चाळ बांधतोय, पुढच्या पावसाळ्यात तिथे राहा."

गरज सरो, वैद्य मरो. आणि पुंजाने काय करावं? हात जोडून म्हणाला, "शेटची मेहेरबानी." चंद्रकलेला शेटपेक्षा नवऱ्याचीच जास्त चीड आली.

ती शेवटचं गाठोडं बाहेर काढत होती तेवढ्यात कारकुनाची बैलगाडी आली. आयत्या बिळातले नागोबा उतरले. कारकुनीणबाई नाकाला पदर लावून आत डोकावल्या.

"केवढी ही काजळी! आधी कोण राहत होतं इथे?"

पट्टेवाल्याच्या बायकोने जिथे रांधलं ती खोली या बाई घेणार नाहीत, हे शेटने ताडलं.

"कोणी नाही, बाईसाहेब. कोरी खोली. तुमचंच पहिलं पाऊल."

चंद्रकला हाताच्या अंतरावर उभी होती. शेट तिच्या तोंडावर हे बोलला, जणू तिथे माणूस नव्हे, खांब होता.

"मग चूल कोणी पेटवली?" बाईंनी विचारलं.

शेटने चंद्रकलेकडे पाहिलं. आता बरी ती त्याला दिसली.

"शेट सांगतात तं कोणी नसंलच," ती शांतपणे म्हणाली. "मी बी रोज धूर बघायची. माणूस नाय दिसला कदी."

बाईंनी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. कारकुनाने भुताखेतांवर आपला विश्वास नसल्याचं मोठ्याने सांगितलं, पण आत काही तो गेला नाही. गाडी आली तशी वळली.

बातमी कचेरीत गेली, तिथून गावभर झाली. एका खोलीपायी सगळी चाळ रिकामीच राहिली. दिवाळी सरल्यावर शेट घाम पुसत जावेच्या ओटीशी आला.

"चल बाई, राहा त्या खोलीत. आधी तूच होतीस ना तिथे?"

पुंजा लगेच गाठोड्याला हात घालायला उठला. चंद्रकलेने त्याला खाली बसवलं.

"मना काय सांगता? बाजाराच्या दिशी सगळ्यांना सांगा."

बाजाराच्या दिवशी, पार दाभोसा गावापासूनची माणसं जमलेली असताना, शेट आपल्या दुकानाच्या फळीवर उभा राहिला. चाळीत चंद्रकला राहिली, भिंती तिनेच वाळवल्या आणि खोली तिचीच, असं तो मिशीतल्या मिशीत पुटपुटला.

"ऐकू नाय आलं," चंद्रकला म्हणाली.

शेटने पुन्हा सांगितलं.