आठ दरवाजे, एकच गाठ

मी एक जुना दरवाजा आहे. दरवाजा म्हटलं की तुम्हाला कडी-कुलूप आठवेल, पण मित्रांनो, मी तेवढा मोठा नाही. मी ओट्याखालच्या कपाटाचा दरवाजा. दीड फूट रुंद, दोन फूट उंच, आणि अंगभर सागवान. वरून साग आणि आत भलतंच, असलं काही माझ्यात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या नावावर काय खपवलं गेलं ते ऐकून तुम्ही मलाच खोटा म्हणाल.

वसईतल्या आत्माराम मिस्त्रींनी मला घडवलं. दोन वर्षं सुकवलेल्या लाकडातला सगळ्यात घट्ट तुकडा त्यांनी माझ्यासाठी निवडला, कारण मला सिंकखाली बसायचं होतं आणि तिथे रोज पाणी उडतं. माझ्या उजव्या कोपऱ्यात चिंचोक्याएवढी एक गाठ आहे. तिच्यावरून बोट फिरवत मिस्त्री म्हणाले होते, "ही राहू दे. लाकूड आहे हे लोकांना कळायला नको?" मग माझ्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'सिंकखाली, डावा'. जवसाचं तेल चोळलं आणि मला उन्हात भिंतीला टेकवून ठेवलं.

पण मी सिंकखाली गेलोच नाही. मिस्त्रींचा मुलगा संग्राम तेव्हा नवीन दुकान थाटत होता. "बाबा, हा नमुन्याला राहू दे, गिऱ्हाइकाला दुसरा करून द्या," तो म्हणाला. पोटच्या पोराला नाही कसं म्हणणार? पुढे मिस्त्रींना मोतीबिंदू झाला, रंधा हातातून सुटला आणि ते दुकानाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसू लागले. मी काउंटरवर. लोक यायचे, हात फिरवायचे, टकटक वाजवून बघायचे. संग्राम छातीठोक सांगायचा, "हाच माल मिळणार." मला वाटायचं, कुठेतरी माझी भावंडं तयार होत असतील. एकदा तर एक फोटोवाला आला, मोठे दिवे लावून त्याने माझा अगदी जवळून फोटो काढला. माझी फुशारकी विचारू नका तेव्हाची.

गेल्या वर्षी जवळच्या नंदाखाल गावातल्या इझाबेल टीचर दुकानात आल्या. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी मला उचललं, वास घेतला आणि म्हणाल्या, "हा दोन दिवस घरी नेते. सॅन्टनला दाखवते." सॅन्टन त्यांचे यजमान, केळीची वाडी बघतात. टीचरांच्या स्कूटरवर, त्यांच्या पायांशी उभा राहून मी नंदाखालला गेलो.

स्वयंपाकघराचा बेत कसा करावा हे मी त्या दोन दिवसांत पाहिलं. टीचरांनी जमिनीवर खडूने कपाटं आखली. मला उभं करून माझ्याच मापाचे आठ दरवाजे त्या आखणीत बसवले. परातीत पीठ मळायला उभ्या राहिल्या आणि कोपर कुठे येतं ते सॅन्टनला टेपने मोजायला लावलं, म्हणजे ओट्याची उंची ठरली. साडेतीन लाख होते, निवृत्तीच्या पैशातले. त्यातला दहावा भाग अडीअडचणीला म्हणून आधीच बाजूला. वरची कपाटं रद्द, साध्या फळ्या चालतील. ओट्याचा जुना कडप्पा तसाच ठेवायचा.

"चिमणी तरी घेऊ या," सॅन्टन म्हणाले. "सगळ्यांकडे आहे."

"सुरमई तळताना खिडकी उघडा. चिमणीचे पैसे लाकडाला जातील. एकदाच करायचंय, पण खरं करायचंय. माझ्यानंतर सुनेलाही पुरलं पाहिजे."

मग त्यांनी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. सकाळी पुसून पाहिलं, डागसुद्धा नव्हता. परत दुकानात जाऊन, माझ्यावर डावा हात ठेवून, त्यांनी ऑर्डरच्या कागदावर सही केली. माझी भावंडं नंदाखालला जाणार म्हणून मी खूश होतो.

आठ महिन्यांनी टीचर परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते माझ्या शेजारी ठेवलं. भिजून फुगलेली, लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी होती ती, कडेने भुशाचं पीठ गळत होतं. तिच्यावर कागद चिकटवला होता. आणि मित्रांनो, त्या कागदावर मी होतो. माझ्याच रेषा, आणि उजव्या कोपऱ्यात माझीच गाठ. तो फोटो कशासाठी काढला होता ते मला त्या क्षणी कळलं.

"आठही दारांवर एकाच जागी एकच गाठ," टीचर संग्रामला म्हणाल्या. "तू म्हणालास, एकाच झाडाचं लाकूड आहे म्हणून सारखं दिसतं. मी मानलं. जन्मभर मुलांची कॉपी पकडली, आणि घरातली कॉपी मला दिसली नाही."

संग्राम म्हणाला, "कागदावर 'सागवानी फिनिश' लिहिलंय, टीचर. सही तुमचीच आहे."

"सही मी याच्यावर हात ठेवून केली होती."

याच्यावर म्हणजे माझ्यावर. त्यांना फसवलं संग्रामने, पण फसवलं माझ्या हातून.

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. आत्माराम मिस्त्री चाचपडत आले. त्यांनी आधी ती फुगलेली फळी हाताने पाहिली, मग मला. माझ्या गाठीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी मला उचलून टीचरांच्या हातात दिलं. "हा घेऊन जा. माझ्या हातचा एवढाच उरलाय."

"बाबा, मग मी गिऱ्हाइकाला दाखवू काय?"

"जे विकतोस, ते दाखव," मिस्त्री म्हणाले.

आता मी नंदाखालला आहे. माझ्याच मापाने आखलेलं कपाट, त्यामुळे बरोबर बसलो. सिंकखाली, डावा. शेजारी सात दरवाजे आहेत, सातांवर माझाच चेहरा, आणि तो रोज थोडा थोडा फुगतो, सोलवटतो. बाजूला ठेवलेल्या दहाव्या भागातलं जे थोडं उरलंय, त्यातून यंदा एक खरा दरवाजा होईल, पुढच्या वर्षी जमलं तर दुसरा.

मित्रांनो, घरातल्या लाकडाची खालची कड कोरड्या फडक्याने पुसत जा, वर्षातून एकदा तेल द्या. आणि नमुना कितीही आवडला तरी, घरी येणारी वस्तू उलटीपालटी करून बघितल्याशिवाय घेऊ नका.

टीचर मला रोज पुसतात, हयगय नाही. पण पुसण्याआधी बोट वाकवून माझ्यावर टकटक वाजवतात आणि कान देऊन ऐकतात. मी खरा आहे, हे त्यांना अजून रोज तपासून बघावं लागतं.