वर राहील ते बियाणं

दचकू नका, मी चाळण बोलतेय. खरं तर दचकण्याचा स्वभाव माझाच. कुणाचा हात लागला की माझं अंग थरथरतं. आता चाळणीनं थरथरायचं नाही, तर काय करायचं?

पत्रेवाल्यानं खिळा ठोकून ठोकून माझं एकेक भोक पाडलं. घरी आणल्यावर बाबांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि नियम सांगून टाकला, "वर राहील ते बियाणं, खाली पडेल ते कोंबड्यांना." या घरानं गव्हाचं बियाणं कधी बाहेरून आणलं नाही. "विकतचं बियाणं म्हणजे भाड्यानं आणलेला जावई," असं बाबा म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

तेव्हा थंडी लांबायची. उशिरा पिकणाऱ्या ओंब्यांत दूध निवांत भरायचं, दाणा टपोरा व्हायचा. तो माझ्यावर राहायचा आणि पुढच्या वर्षी पेरला जायचा. लवकर पिकणारा बारीक दाणा मात्र माझ्यातून गळून थेट कोंबड्यांच्या पोटात. बाबांना वाटे, दाणा सुधारतोय. सुधारत होताच. पण गहू दर वर्षी जरा जास्तच उशिरा पिकू लागला आणि उन्हाळा जरा जास्तच लवकर येऊ लागला. एक दिवस दोघांची गाठ पडणारच होती.

यंदा ती पडली. ओंब्यांत दूध भरत असतानाच गरम वारे सुटले.

सून टोपली घेऊन आली. खुराड्यामागे कोंबड्यांनी उकरून टाकलेले दाणे आपोआप उगवले होते, त्यांचा तो गहू.

"बाबा, बारीक आहे, पण भरलेला आहे. ऊन तापायच्या आधीच पिकलाय. पुढच्या वर्षी हाच पेरू या."

"कोंबड्यांचं खाणं पेरायचं? सूनबाई, उद्या मला अंडी घालायला सांगशील!"

तिचा नवरा फिस्सकन हसला.

"तू हसू नकोस," ती म्हणाली. "शेतातला दाणा हातात घेऊन बघितलास? नुसती सालं आहेत."

"भांडता कशाला? चाळणीला विचारू," बाबा म्हणाले. "तिनं कधी दगा दिला नाही."

मला विचारलं! जन्मात पहिल्यांदा. आणि मला बोलता कुठे येतं? मला फक्त गाळता येतं.

टोपली माझ्यात रिकामी झाली. बाबांच्या दोन हिसक्यांत सगळा गहू अंगणात.

"झालं समाधान?"

"अहो बाबा, थांबा!" ती गुडघ्यांवर बसून दाणे वेचू लागली. पण चोचीपुढे बोटांचं काय चालणार? कोंबड्यांनी अंगण साफ केलं.

मग शेतातला गहू आला. बाबांनी मला हलवलं. सुरकुतलेले दाणे पाऊस पडावा तसे खाली गेले. वर राहिल्या काड्या आणि खडे. बाबा तरीही हलवत राहिले. माझ्या कडा त्यांच्या हाताला काचू लागल्या, तरी थांबेनात. शेवटी त्यांनी मला पुन्हा उजेडात धरलं.

"भोकं मोठी झालीत हिची. झिजली मेली."

इतकी वर्षं इमानानं गाळलं, त्याचं हे बक्षीस. पत्र्याची भोकं झिजतात यावर माणसाचा विश्वास चटकन बसतो. ऋतू झिजतो, यावर बसत नाही.

नवी चाळण आली, अगदी बारीक भोकांची. तिच्यावर ती सालं छान राहिली. बाबा खूश. माझी रवानगी ओसरीच्या खिळ्यावर. माझं ऐकणाऱ्यांनो, एवढंच करा. चाळण बदलण्याआधी एकदा दाणा दाताखाली धरून बघा.

पेरणीच्या सकाळी सुनेनं त्या बियाण्यातले थोडे दाणे तळहातावर घेतले आणि हलकीशी फुंकर मारली. हातावर एकही राहिला नाही.

बाबांनी पाहिलं. बियाण्याची पाटी उचलली.

"वारा सुटलाय आज," म्हणाले आणि शेताकडे निघाले.

मी खिळ्यावर लटकले होते. एवढ्याशा झुळकेनंही हलणारी मी, जराही हलले नव्हते.