कार्डाच्या मागची बाजू

मी एक जुनं कार्डांचं कपाट आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, पहिल्या मजल्यावरच्या वाचनकक्षात उभा आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, पुढचं ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही. एका सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी चार लाख माणसं एकदम माझ्या पोटात डोकावली. आकडा थोडा कमी असेल. पण मोजणारा मीच होतो, तेव्हा माझाच धरायचा.

एका सुतारानं मला घडवलं. बहात्तर खण, प्रत्येकाला पितळी कडी. त्याचं काम इतकं चोख, की खण लावताना आतल्या हवेला वाट मिळत नसे, ती शीळ घालत बाहेर पडे. दुपारी गर्दी झाली की खोलीत गाणं चालू असे. तुमच्यासारखी मुलं माझ्यासमोर रांग लावत. दर पुस्तकाचं एक कार्ड, त्यावर नाव, लेखक, विषय आणि पुस्तक कुठे ठेवलंय तो क्रमांक. मधमाश्यांच्या पुस्तकांचा खण उघडताना हात जपावा लागे, एवढंच सांगतो. या कपाटाला सगळं ठाऊक असतं, असं लोक म्हणत. मी कधी नाही म्हटलं नाही.

मग संगणक आला. रांग त्याच्याकडे वळली. माझ्या डोक्यावर आधी हेल्मेटं आली, मग डबे, मग एक बंद पडलेला पंखा. खणांना कुणी हात लावेना. अपवाद फक्त झाडलोट करणाऱ्या मावशींचा. त्या दर शनिवारी बहात्तर खण उपसायच्या, फडकं मारायच्या आणि कार्डं उलटून पालटून वाचत बसायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "माणूस रिटायर झाला म्हणून तोंड धुवायचं सोडतो का?"

हळूहळू वाचनकक्षही ओस पडला. एके दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी हजेरीच्या वहीत त्या एका दिवसाच्या दीडशे वाचकांच्या सह्या दिसल्या नाहीत, तर ही खोली उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला द्यावी लागेल. ग्रंथपालबाईंनी ते पत्र तीनदा वाचलं आणि माझ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. मुलं त्यांना शूबाई म्हणत, कारण तीस वर्षांत त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द तोच. खोली गेली तर मी भंगारात जाणार, हे मला कळत होतं. बाईंना मात्र त्या दहा-बारा मुलांची काळजी होती, जी रोज इथे येत, कारण घरी त्यांना अभ्यासाला कोपरा नव्हता.

पत्रातच सल्ला होता, की समाजमाध्यमांवर जा, विद्यार्थी तिथे भेटतील. बाई गेल्या. पण कशा गेल्या ते ऐका. प्रत्येक पोस्ट आधी फाइलवर, मग सही, मग जावक क्रमांक, मग त्या कागदाचा फोटो. सुरुवात 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी. आणि कमेंट बंद. का, तर ग्रंथालयात शांतता पाळायची असते. आठ दिवसांत सोळा फॉलोअर झाले. चौदा कर्मचारी, एक बाईंची नणंद आणि एक वाळवीचं औषध विकणारा.

शेवटी बाईंच्या भाचीनं फोनवर त्यांना चांगलंच झापलं. "आत्या, तू पोरांना घरी बोलावतेस आणि आल्याबरोबर तोंडावर बोट ठेवायला सांगतेस. कोण येईल?" बाई दोन दिवस फुरंगटल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कमेंट उघडल्या.

पहिलाच प्रश्न आला तो असा: एक पुस्तक हवंय, नाव आठवत नाही, कव्हर निळं आहे आणि त्यात एक आजोबा घड्याळ दुरुस्त करतात. संगणकानं साफ हात वर केले. मावशी फरशी पुसत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "खालून दुसरी ओळ, डावीकडून चौथा खण. कार्डाच्या मागे बघा."

मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: निळी बांधणी. वाचक म्हणाला, घड्याळ चालू झालं तिथे मी टाळी वाजवली. त्यास बाहेर काढावे लागले.

मित्रांनो, ही इथल्या जुन्या लोकांची एक सवय होती. नियम कुठेच नव्हता. पुस्तक परत आलं, की वाचक काय बोलला ते कार्डामागे टिपून ठेवायचं. अशी हजारो कार्डं माझ्या पोटात झोपली होती. बाईंनी त्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून पोस्ट केला, या वेळी जावक क्रमांकाशिवाय. चार लाख म्हणालो ते त्या दिवशीचं.

मग रोज अकरा वाजता एक कार्ड जाऊ लागलं. मुलं हसत, वाद घालत, एकमेकांना टोमणे मारत, आणि शूबाई त्यांना तितकीच खोडकर उत्तरं देत. एका मुलीनं विचारलं, मागची बाजू कोरी असेल तर काय करता? बाईंनी लिहिलं, "पुस्तक इथे बसून वाचा आणि तुम्हीच लिहा. पेन्सिल आमची."

मुलं येऊ लागली. आधी चाळीस, मग नव्वद. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पावणेपाचला वहीत एकशे एकोणपन्नास सह्या होत्या. पाचला खोली बंद होणार होती. पाच वाजता वही मिटली तेव्हा सह्या दीडशे होत्या.

खोली राहिली, मी राहिलो. किती जणांचे उपकार मानू? त्या सुताराचे, पेन्सिलवाल्या जुन्या माणसांचे, रागावणाऱ्या भाचीचे. आणि फोनचेही, ज्याला मी इतकी वर्षं मनातून शिव्या घातल्या. तुम्ही आज पहिल्यांदा इथे आला आहात, म्हणून एक विनंती करतो. जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिची मागची बाजू पाहा. आणि खण हळू लावा, माझे सांधे आता दुखतात.

राहिली ती दीडशेवी सही. स्वतःचं कौतुक बरं दिसत नाही, पण ती मी केली. पाचला तीन मिनिटं असताना माझा खण आपोआप पुढे सरकला, पेन्सिल उभी राहिली, वहीपाशी गेली, आणि अशी झोकदार सही...

"लबाडा," माझ्या पाठीमागून फडक्यासकट मावशी पुढे आल्या, "ती सही माझी आहे. तेवीस वर्षं या खुर्च्या पुसल्या, त्या दिवशी पहिल्यांदा बसले एकीवर. सोळा पानं वाचली आणि मग सही केली."