सर अल्डेरिकची अब्रू आणि चार भोकं

मित्रांनो, मी एक जुनी, किड्यांनी खाल्लेली पोथी आहे. तुम्ही कीव करायच्या आत सांगते, मला त्याचा अभिमान आहे. वय साडेपाचशे. माझी पानं बावन्न मेंढ्यांच्या कातड्याची. त्यातल्या दोघी ढग भरून आले की अजून बें बें करतात. खोटं वाटत असेल तर केंब्रिजला या आणि कान लावा.

माझ्या पोटात सर अल्डेरिक नावाच्या सरदाराची गोष्ट आहे. राक्षसाला पाहून तो ढाल टाकून पळतो. मग लाजेनं देवळात शपथ घेतो, परत येतो आणि राक्षसाला लोळवतो. पण दीडशे वर्षांपूर्वी एका बाइंडरनं मला उसवून पुन्हा शिवलं आणि अकरावं-बारावं पान खालीवर केलं. झालं! माझा सरदार आधी शपथ घेऊ लागला आणि मग पळू लागला. प्रोफेसर टॅलबॉटनी १९४९ साली तसंच छापलं, वर चाळीस पानी प्रस्तावना लिहून त्याला शपथमोड्या ठरवलं. अडतीस वर्षं मी कपाटात दात खात बसले. दात नाहीत, पण खाल्ले.

१९८७ साली सुमेधा आली. इंग्लंडातच, लेस्टरला जन्मलेली मराठी मुलगी. आई सुप्रभाताई तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. तीन वर्षं ती माझी नवी आवृत्ती तयार करत होती. पानं चुकलीत हे तिनं ओळखलं. पण दोन्ही पानांवर कडवी पुरी होत होती, जोड कसाही बसे. आवृत्ती छापणाऱ्या समितीनं बजावलं, शुक्रवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर टॅलबॉटांचीच आवृत्ती पुन्हा छापू. म्हणजे तिची तीन वर्षं पाण्यात आणि माझ्या अल्डेरिकची अब्रूही.

रविवारी ती घरी गेली. पुढचं मला कसं कळलं? माझ्यावर वाकून बसली की ती सगळं पुटपुटायची. सुप्रभाताईंनी ट्रंकेतून रेशमी साडी काढली, तर तिला कसर लागलेली. सुमेधा ती पुन्हा घडी करू लागली आणि घडी काही बसेना.

"अगं, भोकाखाली भोक येऊ दे," आई म्हणाली. "किड्यानं वरून आत खाल्लंय. वर जास्त, आत कमी. तसं लाव, घडी आपोआप बसेल."

सुमेधा साडी हातात धरून उभीच राहिली. "आई, माझी बुकमध्ये पण होल्स आहे."

"मग मोज की. माझी साडी सोड आधी."

सोमवारी तिनं माझी भोकं मोजली. पुठ्ठ्यापाशी चौदा, मग पानागणिक कमी कमी होत दहाव्यावर पाच. अकराव्यावर मात्र तीन आणि बाराव्यावर चार! म्हणजे किडा खात होता तेव्हा बारावं पान अकराव्याच्या आधी होतं.

शुक्रवारी समितीपुढं मला फोमच्या उशीवर निजवलं; समोर खुद्द टॅलबॉट बसले होते. सुमेधा वाद घालत बसली नाही. तिनं फक्त भिंग पुढं केलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही मोजा."

टॅलबॉटांनी मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. म्हातारा हट्टी खरा, पण लबाड नव्हता.

"हा किडा माझ्यापेक्षा लक्ष देऊन वाचत होता," ते म्हणाले. "मी त्या सरदाराची माफी मागायला हवी. छापा हिची."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या बावन्नच्या बावन्न मेंढ्या एकदम ओरडल्या. कुणाला ऐकू आलं नाही, हा दोष त्यांच्या कानांचा.

१९९१ साली नवी आवृत्ती निघाली. तीत अल्डेरिक पळतो, लाजतो, शपथ घेतो आणि जिंकतो. पहिल्या पानावर आभार आहेत एका किड्याचे आणि लेस्टरच्या एका साडीचे. खाली प्रस्तावना टॅलबॉटांची. दीड पानाची.

तेव्हा पुस्तकं जपा रे. ओल्या हातांनी धरू नका, पानं दुमडू नका. पण कुठं भोक दिसलंच, तर बुजवायच्या आधी एकदा मोजा. कुणाची तरी अब्रू त्यात अडकलेली असते.