चंद्रभागा आत्याचा एकुलता एक फोटो

फोटो १ : गर्दी

निफाडच्या अलीकडे, द्राक्षं पॅक करायच्या शेडसमोर सकाळी नऊलाच पन्नासेक माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या मुठीत नखाएवढं काहीतरी मेलेलं होतं. मेमरी कार्ड. लग्नाचे फोटोवाले होते, ड्रोनवाले होते, महाबळेश्वरला जाऊन आल्याचा पुरावाच हरवलेलं एक नवं जोडपं होतं.

कार्डबाबा भगव्या बंडीत खुर्चीवर. मेलेलं कार्ड घ्यायचं, तांब्यात टाकायचं, तांब्या मागच्या कोल्ड रूममध्ये ठेवायचा. सव्वा तास शीतसमाधी.

"कार्ड हा देह आहे, भक्तहो," बाबा म्हणत होता. "फोटो हा आत्मा. आत्म्याला डिलीट नाही. फक्त सुतक पाळा. मेलेलं कार्ड कॅमेऱ्यात घालू नका, त्यावर एकही नवा फोटो काढू नका. फोटो आले नाहीत, तर पाप तुमचं."

मग टीव्ही लागे. बाळाच्या जावळाचे फोटो आले; बाळ टीव्हीत रडत होतं आणि त्याची आई टीव्हीसमोर. फोटो खरोखर येत होते. पंचाईत तीच होती.

रांगेत नवनाथ उभा होता, शेजारी बायको मोहिनी. गावात त्यांचा स्टुडिओ. नवनाथ फोटो काढी, मोहिनी कॉम्प्युटरवर अल्बम बनवी. नवनाथचा एक रिवाज होता. कुठल्याही कामाला निघायच्या आधी कार्ड फॉरमॅट करायचं आणि पहिला फोटो दुकानातल्या गणपतीचा काढायचा, भवानी म्हणून. लग्नसराईत खिशात दोन कार्डं. मंगळवारी त्याने चुकीचं फॉरमॅट केलं आणि वर गणपतीही काढला. गावातल्या राखीचं अख्खं लग्न गेलं.

लग्न एक वेळ चाललं असतं. राखी दागिने घालून परत बसायला तयार होती. पण त्याच कार्डावर चंद्रभागा आत्या होती. राखीच्या वडलांची आत्या, म्हणून साऱ्या गावाची आत्या. फोटो काढला की आयुष्यातलं एक वर्ष जातं, या हिशेबाने तिने अठ्ठ्याहत्तर वर्षं कॅमेऱ्याला तोंड दाखवलं नव्हतं. राखीसाठी म्हणाली, एकच काढ. आणि नेमका तोच गेल्याचं कळल्यावर तिने अंथरूण धरलं. फोटो गेला, आता माझा नंबर, म्हणून आज सकाळपासून पाणीसुद्धा नाकारत होती.

त्यामुळे बाबाने कार्ड घेताना नवनाथच्या तोंडाकडे पाहून, मिशीत लय अहंकार हाय, ती दे, असं म्हटलं, तेव्हा नवनाथने मागे-पुढे पाहिलं नाही.

फोटो २

(हा फोटो नवनाथने पुसला आहे.)

फोटो ३ : पाट्या

सव्वा तासाने बाबाने कोल्ड रूममधून आणलेला पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. गर्दी इतकी, की आत काय निघालंय हे बघायलाही त्याला सवड झाली नव्हती.

"नवनाथ स्टुडिओ. यानं मिशी दिली, देवानं फोटो दिले. याच्या कार्डात पहिला फोटो गणपतीचा असतो म्हणतो. आता पहिलं दर्शन गजाननाचं होईल."

टीव्हीत मोहिनी आली. हातात शाळेतली पाटी, पाटीवर खडूने लिहिलेलं: नमस्कार बाबा. हे लग्नाचं कार्ड नाही.

नवनाथने टीव्हीतल्या मोहिनीकडे पाहिलं, मग शेजारच्या. शेजारची पदराने वारा घेत होती.

दुसरी पाटी: हे फोटो मी मंगळवारी काढले आणि लगेच पुसले. पाप कुणाचंच नाही.

तिसरी: फोटो पुसला, कार्ड फॉरमॅट केलं, की कॅमेरा फक्त यादीतलं नाव खोडतो. फोटो जागेवरच असतो.

चौथी: नवा फोटो काढला तरच तो जुन्याच्या जागेवर बसतो. म्हणून बाबांचं सुतक.

बाबा रिमोट शोधत होता. सापडला तर त्यातले सेल घरंगळले. तेवढ्यात पाचवी पाटी आली: कोल्ड रूममध्ये लॅपटॉप असणार. मी पाहिलेला नाही. तुम्ही बघून या.

संतोष ड्रोनवाला उठला, बघून आला. परत आला तो लॅपटॉप घेऊनच. चार कार्डं अजून त्याला लटकलेली, आणि पडद्यावर हिरवी पट्टी बासष्ट टक्क्यांवर.

"हे यंत्र हाय," बाबा म्हणाला. "यंत्र, तंत्र, मंत्र, तिन्ही लागतात."

"यंत्रानंच होतं, तर मला तीन सोमवार उपाशी का ठेवलं?" जावळाच्या बाळाची आई म्हणाली. एवढंच. बाबाने तांब्यात डोकावून पाहिलं. कोणीतरी हसलं, मग सगळी शेड हसली.

मोहिनीने बाबाला एकच गोष्ट सांगितली. येवल्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं म्हणतात. ते परत उघडावं, 'पुसलेले फोटो काढून मिळतील' अशी पाटी लावावी, ती स्वतः गिऱ्हाइकं पाठवील. फक्त मिशा मागू नयेत.

फोटो ४ : आत्या

 परतताना मोटरसायकलवर नवनाथने खरं कार्ड कुठंय ते विचारलं. घरच्या कॉम्प्युटरला लावलंय. आपण निघतानाच सगळे फोटो निघाले, आत्याकडे वळायलाही तुम्ही वेळ दिला नाही, मोहिनी म्हणाली. एक जुना गणपती तेवढा आला नाही, त्याच्या जागेवर नवा गणपती बसला होता.

"मग मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं होतं. मंगळवारीच म्हटलं, मी काढून बघते. तुम्ही म्हणालात, हे बाईमाणसाचं काम नाय, मोठ्या शक्तीचं हाय."

आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. मोहिनीने फोन समोर धरला. त्यात आत्या हातात जिलबी घेऊन उरलेल्या तीन दातांनी हसत होती. गेलेला परत कसा आला, आत्याने विचारलं. यादीतलं नाव तेवढं खोडलं होतं, फोटो जागेवरच होता, मोहिनीने सांगितलं.

आत्या उठून बसली.

"म्हंजी रेशनवानी. त्या यादीतनं माझं नाव दोनदा गेलंय. मी हायच की." तिने भाकरी मागितली. मग नवनाथकडे निरखून पाहिलं. "तुझी मिशी कोणत्या यादीतनं गेली रे?"

फोटो २ (परत मिळाला)

शेडच्या दाराशी रावजी न्हाव्याची खुर्ची. त्यात नवनाथ, डोळे गच्च मिटलेले. रावजी म्हणतोय, आजची ही सातवी. मोहिनीने फोनवर टिपलेला. नवनाथने पुसला, जुने फोटो सापडतात तसाच हाही सापडला.

फोटो ५ : शेवटचा

कार्ड गेलं तर घाबरू नका. कॅमेरा बंद करा, कार्ड बाहेर काढा, त्यावर नवं काही काढू नका आणि जाणत्याला गाठा. बऱ्याचदा फोटो मिळतात. नाही मिळाले तर त्यात तुमचं पाप नसतं, वर काहीतरी बसलेलं असतं. आणि कोणी चमत्कार दाखवला तर तो जरूर बघा, फक्त घरी जाण्याआधी विचारा, की याला माझी मिशी कशाला हवी होती?

आत्याने भाकरी खाल्ली, चूळ भरली आणि फोनमधला फोटो पुन्हा पाहिला.

"डोळा मिटलाय यात," ती म्हणाली. "दुसरा काढ."