मागून हाक

शिवांजलीच्या कथेत बाप तीनदा मरतो. पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं डोकंच फिरलं. ही पोरं दिवसभर मोबाइलवर गेम खेळणार, त्यात मेलेला गडी पुन्हा उठून पळणार, आणि मग कथेतही तेच! साताऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवता शिकवता अशी कितीतरी मढी उठून बसलेली मी पाहिली आहेत. कथावाचनाच्या दिवशी सकाळीच मी तिला गाठलं.

"एकदाच मरू दे त्याला. हा काय खेळ आहे?"

"खेळच हाय, सर. हरलं की मागं जाऊन दुसरं कायतरी करून बघायचं." ती घुटमळली. "बाबा सुट्टी संपवून निघाले तवा मी मागनं हाक मारली हुती. परत आलेच न्हाईत. आईला ठावं न्हाई. आज ती ऐकायला येणार हाय."

तिचे वडील फौजी होते. आमच्याकडे फौजीला निरोप देताना हातावर दही ठेवतात आणि मागून हाक मारत नाहीत. शेंबडं पोरही हे जाणतं. मी शहाणा माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. तरी "अगं, तसं काही नसतं" एवढं वाक्य काही तोंडातून फुटेना.

दुपारी तिची आई मंगलताई रहिमतपूरहून एसटीनं आल्या आणि सभागृहात पहिल्याच रांगेत बसल्या. शिवांजली वाचू लागली. पहिल्या डावात मुलगी मागून हाक मारते, बाप वळतो, आणि पुढे सीमेवर मरतो. गोष्ट पुन्हा अंगणातून सुरू होते. दुसऱ्या डावात मुलगी बापाची ट्रंक लपवते. तो ट्रंकेशिवायच जातो, आणि मरतो. मागच्या बाकांवर खसखस पिकली. तिला थांबवावं तर तिचं सगळं मनातच राहणार, आणि न थांबवावं तर आईसमोर काय होईल कोण जाणे.

तिसऱ्या डावात मुलगी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरते. इथं शिवांजलीनं कागद खाली केला.

"आई, ती पोरगी मी हाय. हाक मी मारली हुती."

मंगलताई उठल्या. आता ही बाई पोरीच्या मुस्काटात देते की काय, या भीतीनं मी पुढे धावलो.

"तुझी हाक त्यांच्या कानावर कुठली जातीय? जीप सुरू हुती," त्या म्हणाल्या. "डबा ऱ्हायला म्हणून मी फाटकापातुर पळत गेले. आवं थांबा, म्हणून वरडले. माज्या हाकंनं वळलं ते."

इतकी वर्षं या बाईंनी हे एकटीनं गिळलं होतं, आणि शेजारच्याच अंथरुणावर लेकीनंही. मला रडू आवरेना.

शिवांजली खाली उतरून आईकडे धावणार, तोच मंगलताईंनी हात वर केला.

"तितंच उभी ऱ्हा. पयल्यापासनं परत वाच. ह्या बारीला हाक मला मारू दे."