फ्रेडरिकने लावलेला भोंगा

"बोल काका, तिघांतला कुठला?"

ॲन्सेल्मने तिन्ही एअर क्लीनर टेबलावर आपटले तसा पान्यांचा डबा खाली कलंडला. तो उचलायला कोणी वाकलं नाही. त्याच्या फियाटचा जुना एअर क्लीनर खाऱ्या हवेने सडून चाळणी झाला होता, म्हणून तो मुंबईहून तीन नमुने घेऊन आला होता. एक अगदी जुन्यासारखा, बंद डब्याचा, आत कागदी जाळी असलेला. दुसरा तेलाचा, चांगला जडशीळ. तिसरा चकचकीत, उघड्या तोंडाचा, थेट भोंगाच. धूळ अडवायला नावापुरती तारेची जाळी आणि हवा ओढताना इंजिनाची डरकाळी.

भुईगावच्या नाक्यावर तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या फ्रेडरिकला यात डोकं खाजवण्यासारखं काहीच नव्हतं. समुद्राकाठच्या रस्त्यावर भोंगा लावणं म्हणजे इंजिनाला रोज मूठभर वाळू चारणं. चुकीचा पार्ट त्याने आजवर कुणाच्या गाडीत बसवला नव्हता. गिऱ्हाइकाशी भांडायचा, प्रसंगी गिऱ्हाईक घालवायचा. बायको सेलिन वैतागून म्हणायची, "तुमच्यापेक्षा फादर बरे, पापाला क्षमा तरी करतात."

तो बंद डब्याकडे हात नेणार इतक्यात मागे टायरवर बसलेला पास्कल हसला. हा ॲन्सेल्मचा उजवा हात. त्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली तलवार होती.

"मागच्या टायमाला काय मजा, भाई! धर्माचं कुत्रं पण भुंकलं नाय. या टायमाला अंगठा घेऊनच यायचं. नाय दिला तर हातासकट."

"कधी जायचं ते मी सांगेन. तू तोंड बंद ठेव," ॲन्सेल्म म्हणाला.

फ्रेडरिकने हात मागे घेतला. धर्माची पानवेलींची वाडी एका बिल्डरला हवी होती आणि धर्मा कागदावर अंगठा उठवत नव्हता. महिन्यापूर्वी पहाटे तो वेलींना पाणी सोडत असताना चौघे उतरले. त्यांनी काठ्यांनी त्याच्या तीन बरगड्या मोडल्या, समोरचे पाच दात पाडले आणि त्याचं तोंड पाटाच्या चिखलात दाबून धरलं. त्याची बायको भागूबाई नंतर गावभर सांगत होती, "पान पडलं तरी माला ऐकू येतं. गाडी आली ती कशी नाय ऐकू आली? कोनी मंतरलेली काय ती?"

मंतरलेली नव्हती. नाताळाआधी फ्रेडरिकने स्वतः आठ दिवस खपून ॲन्सेल्मची ती फियाट इतकी मऊ केली होती की चालू आहे की बंद, हे बॉनेटला हात लावल्याशिवाय कळू नये. त्या कामाचा त्याला केवढा अभिमान होता! भागूबाईचं बोलणं ऐकल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

त्याने ॲन्सेल्मकडे पाहिलं. या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातांवर धरलं होतं. तो त्याचा धर्मपिता होता.

"हा लाव," फ्रेडरिकने भोंगा उचलला. "तू काय दूधवाला हायस, गुपचूप यायला? आचोळ्यापासून मनवेलपाड्यापर्यंत लोकांना कळायला पाहिजे, ॲन्सेल्म आला."

"पण भाई, आवाज होईल," पास्कल म्हणाला.

"होऊ दे! वाघ काय चोरून येतो?" ॲन्सेल्म म्हणाला.

वाघ चोरूनच येतो, पण ते त्याला सांगणार कोण? फ्रेडरिकने भोंगा बसवला आणि काम करायचं तर पुरतं करावं म्हणून सायलेन्सरलाही एक भोक पाडलं. गाडी सुरू झाली तशी चिंचेवरचे कावळे उडाले. ॲन्सेल्म लहान मुलासारखा खूश झाला. फ्रेडरिकला मात्र स्वतःची लाज वाटली. ती दिवसभर गेली नाही.

संध्याकाळी तो सायकलने धर्माकडे गेला. "कधी येतील ते माहीत नाय. पण येताना ऐकू येतील."

चौथ्या दिवशी भरदुपारी ऐकू आले. गाडी चर्चच्या वळणावर होती तेव्हाच भागूबाईने पितळी हंड्यावर विळा बडवायला सुरुवात केली. वाड्या-वाड्यांतून माणसं धावली, कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात फावडं. ॲन्सेल्म दार उघडून एक पाय बाहेर टाकतोय तोवर पन्नासजणांनी गाडी घेरली होती. काचा फुटल्या. पास्कलने तलवार उपसली आणि फावड्याच्या एका घावात त्याचं मनगट लोंबायला लागलं. ॲन्सेल्मचा कान अर्धा फाटला. रक्ताने माखलेली गाडी कशीबशी उलटी फिरली आणि डरकाळ्या फोडत पळाली.

ती थेट गॅरेजपाशी थांबली.

"तुला माहीत होतं, काका?"

फ्रेडरिक दुसऱ्या एका गाडीच्या इंजिनात हात घालून उभा होता. आयुष्यात एकदा खोटं बोलला होता, पुन्हा जमणार नव्हतं.

"होय."

ॲन्सेल्मने वरचं बॉनेट दोन्ही हातांनी त्याच्या हातावर आपटलं. मग उघडून पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा तो त्यावर चढून उभा राहिला. आतून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. फ्रेडरिक त्या हाताला लटकून राहिला.

"आता तो भोंगा काढ," ॲन्सेल्म खाली उतरून धापा टाकत म्हणाला. "जुन्यासारखा बंद डबा लाव."

"कुठल्या हातानं?" फ्रेडरिकने विचारलं.

पुढच्या महिन्यात ॲन्सेल्म विरारपर्यंत सगळी गॅरेजं फिरला. एकाकडे नेमका पाना नव्हता, दुसऱ्याची कंबर धरली होती, तिसऱ्याने सरळ सांगितलं की फ्रेडरिकच्या कामाला मी हात लावत नाही. गाव जागं झालंय म्हटल्यावर बिल्डरनेही धर्माच्या वाडीचा नाद सोडला. फ्रेडरिकच्या हाताची मात्र तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. गॅरेजला कुलूप लागलं.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी तो सेलिनबरोबर मिस्सेला शेवटच्या बाकावर बसला होता. हात प्लास्टरमध्ये. फादरनी भाकर वर उचलली, चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली आणि रस्त्यावरून भोंगा आला. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. गाडी न थांबता निघून गेली तशी बायकांनी छातीवर क्रूस केला.

फ्रेडरिक अजून ऐकतच होता. त्या डरकाळीच्या खाली बारीक खरखर लागली होती. वाळू पिस्टनपर्यंत पोचली होती. फार तर दोन महिने. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हात दुखतो काय?" सेलिनने हळूच विचारलं.

त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"इंजिन चांगलं होतं गं," तो म्हणाला. "मीच वाळू चारली."